गाण्याचे दोन सातबारे

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

१९७१ सालचा मे महिना असेल. दुपारची जेवणं झाली की अप्पा दुकानातून शेंगांचं एक पोतं घरी पाठवायचे. मी आणि धाकटी बहीण बसम्मा मधल्या खोलीत फरशीवर पाणी शिंपडून समोरासमोर बसायचो आणि शेंगा फोडायचो. मी तेरा वर्षांची, ती नऊ. एका मापाला पाच पैसे मिळायचे. कंटाळा येऊ नये म्हणून मोजत राहायचो. ती कन्नडमध्ये एक आकडा म्हणायची, पुढचा मी मराठीत. ‘ओंदु शेंग, दोन दाणे, मूरु मुठी, चार बहाणे.’ अर्थ काही नाही. चाल तिची की माझी, तेही सांगता येणार नाही. एकीने उचलायची, दुसरीने खाली ठेवायची. एकदा दाणे खाल्ले म्हणून मी तिला चिमटा काढला, तर रडायच्या ऐवजी ती हसली, तोंड दाण्यांनी भरलेलं. एवढंच. असल्या दुपारी किती गेल्या असतील, कोणी लिहून ठेवलं नाही.

आज समोरच्या इमारतीतल्या मुली जिन्यात मोबाइल उभा करून नाचत होत्या, आणि त्यातून हीच चाल येत होती. खाली ढोल लावलेत, पण चाल तीच. गाणं शिवलीलाचं आहे, बसम्माच्या मुलीचं. पुण्यात राहते, एकोणतीस वर्षांची आहे, स्वतःची गाणी करून स्वतःच गाते. बसम्मा जाऊन सहा वर्षं होतील. हे गाणं येऊन आठ महिने झाले आणि म्हणे दोन कोटी तीस लाख वेळा वाजलं.

मला आनंद झाला, हे खरं. पण संध्याकाळी तिचा फोन आला. “दोड्डव्वा, पुढच्या रविवारी येते. एका... कागदावर तुझी सही हवी होती.” आईच्या थोरल्या बहिणीला आमच्यात दोड्डव्वा म्हणतात. तो शब्द गोड लागला, पण ‘कागदावर’च्या आधी ती थांबली. मी एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली, त्यातली पहिली पंधरा ट्रंक कॉल जोडण्यात. कॉन्व्हेंटच्या इंग्रजीवर नोकरी मिळाली आणि कानांवर टिकली. खरं सांगणारा माणूस कुठे श्वास घेतो आणि लपवणारा कुठे, हे मला कळतं. ती चुकीच्या जागी थांबली.

रविवार, १६ फेब्रुवारी

आली. एकटी नाही. तिचं काम बघणारा इंद्रजीत म्हणून आहे, तो बरोबर होता. माढ्याकडचा, तिशीतला, घरी ऊस आहे. बूट दारात जोडीने लावून ठेवले. दोघं एस.टी.ने आले. दोन कोटी लोकांनी ऐकलेली गायिका एस.टी.ने! माझ्यासाठीच हा देखावा असणार.

शिवलीला फारशी बोलली नाही. सारखं गरम पाणी मागत होती. इंद्रजीतला काही सांगायचं झालं की माझ्यादेखत मोबाइलवर लिहून त्याच्यापुढे धरायची. तो वाचून मान हलवायचा. माझ्या घरात, माझ्यासमोर! खुणेच्या भाषेत बोलणारे व्यापारी मी पुष्कळ जोडून दिले आहेत. त्यांचं काय चालायचं ते मला ठाऊक आहे.

मग तिने पिशवीतून साडी काढली. इरकल, डाळिंबी रंगाची. माझ्या मांडीवर ठेवली आणि वर कागद ठेवला.

१९९६ साली, अप्पा गेल्यावर दोन महिन्यांनी, शिवयोगी असाच आला होता. आमचा धाकटा भाऊ. दोघी बहिणींना दोन साड्या आणि हक्कसोडपत्र. बापाच्या घरावरचा, दुकानावरचा हक्क बहिणींनी सोडायचा आणि भावाने साडी द्यायची. सगळीकडे हेच चालतं. सही केली नाही तर माहेर तुटतं. बसम्माने न वाचता केली, मी वाचून केली. दोघींचं सारखंच गेलं. तेव्हा शिवलीला बसम्माच्या कडेवर होती. तिला काय आठवणार? पण रीत रक्तात उतरत असेल.

“हे कशाचं?” मी विचारलं.

“मावशी, सोपं हाय,” इंद्रजीत म्हणाला. “गाण्याचे दोन सातबारे असत्यात. एक रेकॉर्डिंगचा. ताईंनी गायलं, स्टुडिओचं पैसं सोताच भरलं, म्हणून त्यो ताईंचा. दुसरा शब्दांचा आन् चालीचा. त्यो ज्यानं रचलं त्याचा. गाणं वाजलं की दोन्हीकडं पैसं पडत्यात.”

“किती?”

“एकदा वाजल्यावर? काही पैसं. रुपयं न्हाय, पैसं. त्यात आनिक ऐकवणारी कंपनी, पोचवणारी कंपनी, समद्यांचा वाटा.”

“मग ही गाणारी मंडळी बंगले कशावर बांधतात?”

तो हसला. “गाण्यावर न्हाय बांधत. गाणं म्हंजे दुकानाची पाटी. पाटी बघून लोक लग्नात गायला बोलावत्यात, कारखान्याच्या समारंभाला बोलावत्यात, मसाल्याची जाहिरात मिळती. खरा पैसा तितं, आन् त्यो बी गळा हाय तवर. जे शानं असत्यात ते सातबारा लवकर कुणाला देत न्हाईत. थांबत्यात, आन् चांगला भाव आला की मगच इकत्यात.”

मुंबईची एक कंपनी शिवलीलाची अकरा गाणी विकत घेते आहे. पंधरा मार्चपर्यंत मुदत.

“गाणी तुझी, विकणार तू. मग माझी सही कशाला?”

“चाल तुझी आणि आईची आहे,” ती हळू म्हणाली, कानात सांगावं तसं.

“आत्ता आठवलं?”

“आधीच विचारायला हवं होतं. चुकलं माझं.”

“कागद ठेव. वाचते.”

इंद्रजीत काहीतरी बोलणार होता. तिने त्याच्या बाहीला हात लावला. हेही मी पाहिलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आठ पानं, सगळी इंग्रजी. शाळेत सिस्टर सांगायच्या, अडलेला शब्द ओलांडून पुढे जायचं नाही. शब्दकोश घेऊन बसले. दुसऱ्या पानावर तक्ता आहे: शिवलीला पन्नास टक्के, कै. बसम्मा पंचवीस, दाक्षायणी पंचवीस. क्षणभर डोळे भरून आले. आम्हा दोघींची नावं एकाखाली एक शेवटची कधी लिहिली गेली होती?

आणि मग आठवलं. हक्कसोडपत्रातच की. तिथेही पहिल्या पानावर माझा हिस्सा लिहिला होता, एक तृतीयांश, अक्षरी आणि अंकी. हिस्सा आधी लिहावाच लागतो, नाहीतर सोडवून काय घेणार? पुढे शोधत गेले आणि पाचव्या पानावर सापडलं: रेकॉर्डिंगवर माझा कोणताही हक्क नाही आणि पुढेही सांगणार नाही. कायमचं. जगभरात.

तेच आहे. कागद नवा, कावा जुना. सही केली नाही. साडी कपाटात ठेवली, कागद गादीखाली.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

शिवयोगीला फोनवर सगळं सांगितलं होतं. आज तो कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आला. सहा महिन्यांत पहिल्यांदा आला, पण आला. शेवटी रक्ताचं माणूस.

“अक्का, अजिबात सही करू नकोस,” तो म्हणाला. “पोरगी लई पुढं गेली की! आपल्या घरातलं गाणं बाजारात मांडून बसली.”

“तुला आठवतं का रे ते गाणं?”

“न आठवायला काय झालं? मी तिथंच होतो की.” तो तेव्हा चार वर्षांचा होता. असेलही तिथेच. “मला पण खर्च आहेच, अक्का. संस्कृतीचं लग्न काढालोय, पुढच्या वर्षी. दुकान अभिमन्यूच्या नावावर करून टाकतो म्हणजे पोरीकडून कटकट नको.”

संस्कृती त्याची मुलगी, बी.कॉम.ला आहे. अभिमन्यू तिचा थोरला भाऊ.

जाताना त्याने आमचं जुनं हक्कसोडपत्र मागितलं. त्याच्याकडची प्रत वाळवीने खाल्ली म्हणे. मी माझी प्रत दिली. तिचं मला काय काम? दारातून वळून म्हणाला, “तुझी काळजी वाटती गं अक्का, एकटी राहतीस.” दिवसभर बरं वाटत होतं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

काल महाशिवरात्रीचा उपास झाला. आज अंगात बळ होतं, म्हणून कागदावरच्या नंबरला मुंबईला फोन लावला. आवाज कामावरचाच काढला. गौरी नावाची मुलगी होती, बोलकी. माझं नाव सांगताच तिला फाइल सापडली.

“ते शेंगांचं गाणं ना? मॅडम, अकराही गाणी अख्खी मिळाली असती तर आम्ही साठ लाख देत होतो. चालीसकट. पण शिवलीला मॅडम अडून बसल्यात, चाल विकणार नाही म्हणतात. मग नुसत्या रेकॉर्डिंगचे बेचाळीस.”

म्हणजे ती अठरा लाख सोडते आहे? अठरा लाख सोडणारं माणूस मी आयुष्यात पाहिलेलं नाही. दुसरीकडून जास्त मिळत असणार.

गौरी पुढे म्हणाली, “आणि तुमच्याकडून एक जुना कागदही आलाय. १९९६चा, मराठीत. त्यावर आमच्या वकिलांचं चाललंय.”

१९९६चा! माझ्याकडची प्रत शिवयोगीच्या घरी आहे. म्हणजे ही बसम्माची प्रत. मुलीने आईच्या पेटीतून काढलेली. बहिणींनी सगळा हक्क तेव्हाच सोडलाय हे दाखवायला! आता कळलं. माझी सही नाही मिळाली तर त्या कागदावर काम भागवणार. बसम्मे, काय जन्माला घातलंस गं.

मंगळवार, ४ मार्च

शिवयोगीचा फोन. “केली न्हाईस ना सही? शाब्बास. पंधरा तारीख जाऊ दे.” त्याला १९९६च्या कागदाचं सांगितलं. तो म्हणाला, “बघ, मी म्हणालो नव्हतो?” मग लगेच दुकानात गिऱ्हाईक आलं.

शनिवार, ८ मार्च

महिला दिनानिमित्त चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शिवलीलाचा कार्यक्रम होता. समोरच्या मुलींकडून कळलं. मला बोलावणं नव्हतं. म्हणूनच गेले, माणूस आपल्याला न बघता कसं वागतं ते बघायला. रिक्षाने जाऊन मांडवात शेवटच्या रांगेत बसले. शिवणकाम करणाऱ्या बायका, सगळ्या एका रंगाच्या साड्यांत.

शिवलीलाने चार गाणी म्हटली. म्हटली म्हणजे काय, पहिली ओळ म्हणायची आणि माइक बायकांकडे धरायचा. ‘ओंदु शेंग’ तर पूर्ण त्यांनीच म्हटलं, दोनशे बायकांनी, उभ्या राहून. माझ्या शेजारची बाई टाळ्या वाजवत मला म्हणाली, “म्हणा की ओ आज्जी, सोपं हाय!” मी ओठ मिटून बसले. पैसे घेते ही आणि गाऊन घेते दुसऱ्यांकडून.

बाहेर पडताना इंद्रजीतने मला पाहिलं. हातात थर्मास. “मावशी! तुमी? हिकडं या, हिकडं या.” मला मांडवामागे घेऊन गेला. तिथे शिवलीला खुर्चीवर बसली होती, डोळे मिटून, गळ्याला उपरणं गुंडाळून. मला बघून उठली. तोंड उघडलं, आवाज आला नाही.

“बोलू नका, ताई,” तो म्हणाला. मग मला: “गाठी झाल्यात गळ्यात. जानेवारीत कळलं. डॉक्टरनी दोन म्हयनं गप ऱ्हायला सांगितलंय, बोलायचं झालं तर लिहून दावायचं. ह्या कार्यक्रमाचा इसार घेतलेला, म्हणून आली. परत गाता येईल का न्हाय, सांगता येत न्हाय म्हणत्यात.”

फोनवरचं ते थांबणं. गरम पाणी. मोबाइलवरचं लिहिणं.

तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. ‘जेवलीस का?’

मी विचारलं, “अठरा लाख का सोडलेस?”

तिने लिहिलं, ‘चाल माझ्या एकटीची नाही. आणि गळा गेला तर पुढे आपल्याला तोच आधार.’ आपल्याला, असं लिहिलं होतं. मी दोनदा वाचलं.

“मग १९९६चा कागद कशाला पाठवलास?”

तिने इंद्रजीतकडे पाहिलं. तो म्हणाला, “त्यो आमी कशाला पाठवू? तुमच्या भावानं पाठवलाय. चाल वडिलांच्या घरातली, बहिणींनी समदं सोडलंय, आता मालक मीच, असं पत्र हाय संगट. कंपनी म्हणती, वाद असंल तर गाणंच नको. आन् ह्ये गाणं नसंल तर बाकीची धा घिऊन त्येनला काय करायचंय? चाल तुमी दोघींनी रचली असं तुमी सही करून सांगितलं, तरच मिटतंय.”

“साडी कशाला आणलीस?” मी विचारलं.

तिने बराच वेळ लिहिलं. ‘गाण्याच्या पहिल्या पैशांतून आईला घ्यायची होती. आई नाही, म्हणून तुला.’

“सही नाही केली तर?”

‘तर व्यवहार मोडेल. मला पैसे हवे आहेत, दोड्डव्वा. उपचाराला, घराला. खोटं कशाला सांगू.’

मला पैसे हवे आहेत, असं सरळ सांगणारी एकही खोटारडी मला एकतीस वर्षांत लाइनवर भेटली नाही. तरी घरी येताना रिक्षात मनात आलंच: डॉक्टरची चिठ्ठी बघायला हवी होती. माझं हे मन कुठल्या भट्टीत तापवलं आहे कोण जाणे.

सोमवार, १० मार्च

शिवयोगीच्या दुकानात गेले. चादरींच्या थप्प्यांत बसला होता. चहा मागवला.

“शिवा, मुंबईला कागद तू पाठवलास?”

तो लाजलासुद्धा नाही. “मग? बरोबरच केलं की. नीट ऐक अक्का. शेंगा अप्पांच्या. पोतं अप्पांचं. तुम्ही दोघी बसला होता ते घर अप्पांचं. मापाला पाच पैसे मजुरी अप्पांनी दिली. मजुरीवर बसून जे केलं ते मालकाचं. आणि अप्पांचं होतं ते सगळं माझं, तूच सही केलीस.”

“पाच पैसे शेंगा फोडल्याचे होते, शिवा. गाण्याचे नव्हते.”

“म्हातारपणी वकील झालीस की!” तो हसला. मग हसणं गेलं. “तुला ना मूल ना बाळ. कुणासाठी पाहिजे गं तुला? संस्कृतीचं लग्न लावायचंय मला.”

“तिला विचारलंस, तिला काय पाहिजे ते?”

“तिला काय कळतंय?”

संस्कृती आतल्या बाजूला बिलं लावत बसली होती. ऐकत होती. मी चहा न पिता उठले. ही अठ्ठावीस वर्षं मी प्रत्येक राखीपौर्णिमेला त्या दुकानात जाते आहे, तो कधी ये म्हणतो म्हणून नाही, माहेर राहावं म्हणून. आज पायऱ्या उतरताना वाटलं, मी सही करून जे वाचवलं होतं ते इथे कधी होतंच का?

बुधवार, १२ मार्च

इरकल नेसून सही केली. आठही पानांवर. पाचवं पान पुन्हा वाचलं: रेकॉर्डिंगवर माझा हक्क नाही. खरंच नाही की. गायलं तिने. सातबारे दोन आहेत हे इंद्रजीतने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी एकच धरून बसले. चाल कुठे, कधी, कोणी रचली, ते वेगळ्या कागदावर इंग्रजीत लिहून दिलं, शेंगा, माप, फरशी, सगळं. गौरीने फोन करून सांगितलं, असा पुरावा आजवर कोणी दिला नव्हता. कौतुक की चेष्टा, कळलं नाही.

कागद न्यायला इंद्रजीत आला. त्याचे पंधरा टक्के कार्यक्रमांवर असतात, ह्या व्यवहारात त्याला काही नाही, असं तो म्हणतो. पंधरा टक्क्यांसाठी माणूस कोणाचा थर्मास इतका जपत नाही. त्याचं काहीतरी आहे. लक्ष ठेवायला हवं.

रविवार, १६ मार्च

व्यवहार झाला. बेचाळीस लाख, दोन हप्त्यांत. शिवलीला एक एप्रिलला पुण्यात शस्त्रक्रियेला जाणार आहे. मी बरोबर राहणार. तिला बोलायचं नाही आणि मला एकटीला बोलायची सवय आहे, जमेल.

माझ्यामागे कोणाला काय, ते आज लिहून ठेवते. वकिलाकडून पक्कं करून घेईन, पण मनात आहे ते हे.

राहती जागा शिवलीलाला.

शब्दकोश इंद्रजीतला. ‘पर्पेच्युइटी’ म्हणजे कायमचं; त्याने मला अर्थ ‘लई दिस’ असा सांगितला होता.

इरकल कोणालाच नाही. आमच्यात गेलेल्या माणसाला बसवून पुरतात; मला तसं बसवतील तेव्हा ती माझ्या अंगावर असू द्यावी.

शिवयोगीला काही नाही. त्याला मी १९९६ साली दिलं आहे. त्याचा फोन आला तर मात्र घ्यावा.

चालीतला माझा पंचवीस टक्क्यांचा हिस्सा: पंधरा शिवलीलाला, दहा संस्कृतीला. दहा टक्क्यांचे वर्षाला किती येतील माहीत नाही. एखाद्या वर्षी कॉलेजची फी निघेल, एखाद्या वर्षी चपलाही येणार नाहीत. तरी तिच्या नावावर काहीतरी असेल. ते तिच्या लग्नाच्या आधी लावावं, नंतर नाही. आणि ह्या हिश्श्यावर तिची सही मागायला अभिमन्यू आला, नवरा आला, कोणीही कितीही प्रेमाने आला, तर कागद आधी दोन रात्री तिच्याजवळ राहू द्यावा आणि तिने तो बसून वाचावा.